अर्धा तास पुढे

त्याने तिला डोळा मारला. निदान तिला तरी तसंच वाटलं, आणि डोळ्यांच्या बाबतीत तिचा अंदाज सहसा चुकत नसे, कारण गेली सहा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढत होती.

सकाळचे साडेसात वाजले होते. त्या अवाढव्य शहरातली सगळ्यात स्वस्त मुक्कामाची जागा तिने शोधून काढली होती. एका खोलीत आठ जणी, दुमजली खाटा, चादर हवी तर तिचे पैसे वेगळे, आणि खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, असा एकूण थाट. खिडकीबाहेर दुचाक्यांचा पूर लोटला होता. आत ओट्यापाशी ती उभी होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात बोटीचं तिकीट, पाठीवर ओली वेणी. समोरच्या टेबलाशी बसलेल्या किडकिडीत तरुणाने मान वर केली, रोखून पाहिलं आणि डावा डोळा मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आई म्हणालीच होती, एकटी जाऊ नकोस म्हणून. वर्षभर बसचे पैसे वाचवायला कामावर चालत जाऊन आणि दोन महिने आईशी वाद घालून तिने हे आठवडाभराचं फिरणं मिळवलं होतं, आणि पहिल्याच सकाळी हे ध्यान समोर! परक्या मुलखात आपली भाषा कोणाला कळतेय, या भरवशावर ती पुटपुटली, "मेल्याला सकाळी सकाळी दुसरा उद्योग नाही."

"उद्योग आहे की," तो तिच्याच भाषेत म्हणाला. "सध्या सुट्टीवर आहे."

कप कलंडता कलंडता राहिला. तो मात्र अगदी गंभीरपणे खुलासा करू लागला. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या हाताखाली पंधरा वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून आणि डावा मिटून काम केलेलं. आता भिंग नसलं तरी काहीही नीट बघायचं झालं की डावा डोळा आपोआप मिटतो. "आणि मी तुमच्याकडे बघत नव्हतो," तो म्हणाला, "तुमच्या मागच्या घड्याळाकडे बघत होतो. त्याचा मिनिटकाटा वाकलाय."

तिने मागे वळून पाहिलं. भिंतीवर घड्याळ होतं. मिनिटकाटा खरंच जरासा वाकला होता. आता खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही... पण त्याबरोबर थोडं वाईटही वाटलं, आणि ते का, हे काही तिला कळेना. गोंधळाला सुरुवात झाली ती इथून.

धक्क्याकडे जाणाऱ्या बसमध्ये तो होता. बोटीच्या उघड्या गच्चीवर, जिथलं तिकीट सगळ्यात कमी, तिथेही तो होता. हा आपला पाठलाग करतोय, अशी तिची जवळजवळ खात्री झाली, तेव्हा त्यानेच भीतभीत विचारलं, की तुम्ही माझ्या मागावर तर नाही ना? पाठलाग वगैरे काही नव्हता. ज्यांचं पाकीट हलकं, त्यांच्या वाटा एकच असतात. बेटावर उतरल्यावर दोघांनी सगळ्यात स्वस्त खोली कुठे, असं एकाच माणसाला एकाच वेळी विचारलं आणि दोघेही एकाच घराच्या पायऱ्यांशी येऊन पोचले.

घर बांबूचं होतं. पाच खोल्या, प्रत्येकीत एक पंखा आणि एक मच्छरदाणी, पुढे लांब ओसरी आणि ओसरीच्या भिंतीवर एक जुनं लंबकाचं घड्याळ. घरमालकीण ऐसपैस बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आलेगेले सगळे त्यांना तिथल्या भाषेत मावशी म्हणत. पायरी चढणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मावशी पहिली गोष्ट सांगत ती घड्याळाची. शहराकडे जाणारी बोट दिवसातून एकदाच, दुपारी चारला सुटते. पाण्यात पडलेल्या पाहुण्यांना वेळेचं भान राहत नाही, म्हणून हे घड्याळ मुद्दाम अर्धा तास पुढे ठेवलंय, तेव्हा बघताना अर्धा तास वजा करून बघायचं. तिने ते नीट ऐकून घेतलं. घड्याळजी मात्र तेव्हा मागच्या नळावर पायाची वाळू धूत होता. तो ओल्या पावलांनी वर आला आणि घड्याळाकडे पाहत त्याने डावा डोळा मिटला, तेव्हा त्याला सांगावं असं तिच्या मनात आलंही होतं. पण त्याने तोच डोळा मिटलेला ठेवून तिच्याकडे पाहिलं, आणि सांगायचं राहून गेलं.

चार दिवस होते. दोघांत मिळून एकच सायकल भाड्याने घेतली, कारण दोन घेणं दोघांच्याही जिवावर आलं होतं. तो चालवायचा, ती मागे बसायची, चढ आला की दोघं उतरून ढकलायची. नारळाच्या झाडांखाली ऊन-सावलीच्या जाळ्यांतून रस्ता जायचा. एकदा मधेच सर आली, तेव्हा ती दोघं उलट्या ठेवलेल्या होडीखाली शिरली आणि पाऊस थांबून चांगलीच पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर आली नाहीत. तिथेच कुठेतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तिने लांबच्या होड्यांवरची नावं वाचायला लावून त्याचे डोळे तपासले. उजवा लखलखीत निघाला. डाव्याने मात्र होडीच दिसेना, नाव कसलं वाचतोय. "पंधरा वर्षं बंदच ठेवलायस की," ती म्हणाली, "गंजला असेल." त्याने बदल्यात तिचं मनगटी घड्याळ मागून घेतलं. त्यात दुसऱ्याच दिवशी समुद्राचं पाणी शिरलं होतं. रुमालावर त्याचे बारीक बारीक भाग मांडून तो तासन्‌तास बसे. स्वतःच्या मनगटावर मात्र काही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, की सुट्टीत वेळ विकत नाही नि वापरतही नाही.

एवढं सगळं होतं, पण तो बोलत काहीच नव्हता. म्हणजे बोलायचा खूप, पण 'ते' नाही. शिंपला बघताना डोळा मिटायचा, खेकडा बघताना मिटायचा, तिच्या कानातल्या रिंगेकडे बघतानाही मिटायचा. आता रिंगेचा हा डोळा कोणत्या खात्यात धरायचा? रोज शंभर डोळ्यांत बॅटरी मारून आत काय आहे ते सांगणारी ही मुलगी, पण या एका मिटलेल्या डोळ्यापुढे तिचं सगळं शिक्षण थांबलं होतं. बरं, आपण होऊन विचारावं, तर तो पुन्हा मागच्या घड्याळाकडे बोट दाखवायचा.

शिवाय तिला परत जायचं होतं. हे तिने त्याला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. शनिवारी चारची बोट, रविवारी पहाटे विमान, सोमवारी सकाळी दहाला मालककाकांसमोर हजर. काका गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानाची नवी शाखा काढत होते आणि ती कोणाच्या हाती द्यायची हे सोमवारी ठरणार होतं. एक ती, नाहीतर चष्म्यांच्या चौकटी बसवणारे जुने कारागीर. सहा वर्षं तिने ह्याच दिवसाची वाट पाहिली होती. स्वतःचं टेबल, स्वतःची अक्षरांची पाटी, दारावरच्या कुलपाची किल्ली आपल्या पर्समध्ये. सांगताना तिचा आवाज बदलला होता. घड्याळजीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग शनिवारची बोट चुकवायची नाही."

शनिवारी दुपारी जेवणं झाली. मावशी सकाळपासून बाजाराला गेल्या होत्या. पिशवी भरून तयार होती. ती ओसरीच्या बाकावर बसली, तो शेजारी संत्रं सोलत. घड्याळात सव्वातीन झालेले दिसले, तेव्हा तिने मनात अर्धा तास वजा केला. पावणेतीन. अजून खूप वेळ आहे. धक्का पंधरा मिनिटांवर. आता तरी हा काही बोलेल...

तो संत्र्याबद्दल बोलला. मग त्याच्या वडिलांबद्दल, ते घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं कसं ओळखायचे त्याबद्दल. घड्याळात साडेतीन झाले. तो बोलता बोलता थांबला, तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. पावणेचार झाले तेव्हा तर त्याच्या हातातली फोड तशीच राहिली होती. लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. आज लवकर आली वाटतं, ती मनाशी म्हणाली. भोंगा बोट सुटायच्या दहा मिनिटं आधी वाजतो, हे तिला ठाऊक होतं. पण त्या क्षणी आठवायला तेवढीच एक गोष्ट होती का? शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाच्या पाळ्या विनाकारण लाल झाल्या होत्या. ती त्यांचं कारण शोधत होती.

शेवटी ती उठली. काही बोलायचंच नसेल तर बसून करायचं काय. "चला," ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "साडेतीन होऊन गेले."

"साडेतीन?" तो म्हणाला. "चार वाजून पाच मिनिटं झाली."

"ते घड्याळातले."

"घड्याळातलेच. पुढे गेलं होतं ते. सकाळी मी उघडून साफ केलं आणि बरोबर लावलं."

ती पिशवी तिथेच टाकून, चपला हातात घेऊन अनवाणी धावली. तोही तिची पिशवी घेऊन मागून धावला. धक्क्यावर पोचली तेव्हा बोट बरीच आत गेली होती आणि गच्चीवरच्या कोणा पोराने तिला मजेत हात हलवून दाखवला.

"मुद्दाम केलंस?" धापा टाकत तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चुकून."

आता गंमत अशी, की हे उत्तर ऐकून तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. मुद्दाम केलं असतं तर हा लबाड ठरला असता, पण मग त्याला आपण जाऊ नये असं वाटत होतं, असा तरी अर्थ निघाला असता. चुकून केलं म्हणजे माणूस सरळ आहे, पण बोट पकडली काय, चुकली काय, त्याला सारखंच. ह्यातलं नेमकं काय खरं असावं म्हणजे आपल्याला बरं वाटेल, ह्याचा ती परतीच्या वाटेभर विचार करत होती. उत्तर काही सापडलं नाही. तो चार पावलं मागून चालत होता, आणि आपण खरं बोललो तरी ही एवढी का बिथरली, हे त्या बिचाऱ्यालाही कळलेलं दिसत नव्हतं.

मावशींनी आल्या आल्या घड्याळ बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षांत त्या घड्याळाने एकाही पाहुण्याची बोट चुकवली नव्हती. घड्याळजीला त्यांनी आधी फैलावर घेतलं आणि मग, ते वीस वर्षांत पहिल्यांदाच लंबक न अडखळता चालतंय हे पाहून, जेवायला वाढलं. जाता जाता त्यांनी तिला सहज विचारलं, की घड्याळाचं जाऊ दे, तुझ्याकडे फोन नव्हता का? त्यात तर वेळ बरोबरच असते.

ती पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.

संध्याकाळी तिने मालककाकांना फोन लावला. बोट चुकली, विमान चुकणार, दुसरं सोमवारी रात्री आहे, हे एका दमात सांगितलं. मग काका म्हणाले, की सहा वर्षांत तुला एकदाही उशीर झालेला मला आठवत नाही, म्हणून मंगळवारपर्यंत थांबतो. मंगळवार सकाळी दहा. त्यानंतर नाही. फोन ठेवल्यावर तिने तो खिशात टाकला, पुन्हा बाहेर काढला, त्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं आणि स्वतःवरच चिडली.

रविवारी सकाळी ती ओसरीवर आली तेव्हा घड्याळजी स्टुलावर उभा होता. त्याने काटे पुन्हा अर्धा तास पुढे नेले होते आणि मावशी खाली उभ्या राहून खात्री करून घेत होत्या. दिवसभर तो तिच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. पण घड्याळात साडेतीन, म्हणजे खरे तीन वाजले, तेव्हा तिची पिशवी खांद्याला लावून तो पायरीशी येऊन थांबला. "चल," तो म्हणाला. "आज वाट बघत बसू, पण तिथे."

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. लाकडी फळ्या तापल्या होत्या, खाली पाणी खांबांवर चुबुक चुबुक आपटत होतं. दोघं एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली. त्याने खिशातून रुमाल काढला. आत तिचं घड्याळ होतं, पुसलेलं, जोडलेलं, चालू. ते तिच्या मनगटावर बांधताना त्याची बोटं पट्ट्याच्या त्या एका भोकाशी उगाचच रेंगाळली.

"काल तू विचारलंस, मुद्दाम केलं का," तो म्हणाला. "मी नाही म्हणालो. ते अर्धंच उत्तर होतं."

तिने मनगटावरून मान वर केली.

"घड्याळ चुकून. ते पुढे का ठेवलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि चुकीचं चालणारं घड्याळ डोक्यावर असलं की मला झोप लागत नाही. पण साडेतीन वाजले आणि तू उठली नाहीस. पावणेचार झाले. भोंगा झाला. समोर बरोबर चालणारं घड्याळ, आणि तू बसलेली... मला वाटलं, ही राहतेय. विचारावं असं दहादा मनात आलं. विचारलं तर उठशील म्हणून नाही विचारलं. तेवढं मुद्दाम."

"आणि माझी शाखा गेली असती म्हणजे?"

"तर दोष माझा. म्हणूनच सांगतोय. न सांगता बोटीत बसवलं असतं, तर मला चांगला माणूस समजून गेली असतीस."

"मग हे कालच का नाही सांगितलंस?"

"काल विचारताना तुझ्या हातात चप्पल होती."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं की कालपासून साठलेल्या दुसऱ्या कशाचं, हे तिला ठरवता येईना. राग यायला हवा होता. थोडा आलाही होता. पण त्या रागाच्या पोटात एक मोठा, मऊ, मूर्ख आनंद होता, आणि त्यापुढे राग टिकणं कठीण होतं.

तिने कुर्त्याच्या खिशातून फोन काढला आणि दोघांच्या मधे फळीवर ठेवला. "हा काल इथेच होता. ह्याच खिशात."

"बंद पडला होता?"

"छान चालू होता. काखेत कळसा नि गावाला वळसा." ती फोनकडेच बघत होती. "दोनदा हात खिशाशी गेला होता माझा. भोंगा झाला तेव्हा तर गेलाच. पण वेळ बघितली की निघावं लागतं... म्हणून नाही काढला. आणि घड्याळाचं तुला मी सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी. तेही नाही सांगितलं. आणि वर तुझ्यावर ओरडले."

त्याने फोन उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "मला तू आवडतेस. हे सांगायलाच मी चार दिवस संत्री सोलतोय."

"मला पण आवडतोस," ती म्हणाली. "फार. पण बोट मी पकडणार आहे."

"पकडायचीच आहे. नाहीतर मावशी मला खोलीतून काढतील."

भोंगा झाला. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, माणसं चढली. त्याचं परतीचं तिकीट बुधवारचं होतं आणि स्वस्तातलं तिकीट बदलून मिळत नाही, हे दोघांनाही पाठ होतं. तिने त्याला शाखेचा पत्ता लिहून दिला. उद्‌घाटन तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी नऊला. म्हणजे शाखा मिळाली तर. डाव्या डोळ्याचा नंबर काढायचा राहिलाय, तेव्हा येणं भाग आहे. त्याच्या गावाहून तिथे यायला रात्रभराचा प्रवास होता. ते तो बोलला नाही. ती गच्चीवरच्या कठड्याशी उभी राहिली आणि तो दिसेनासा होईपर्यंत घड्याळ बांधलेला हात हलवत राहिली.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना ती काकांसमोर उभी होती. काकांनी एकच प्रश्न विचारला, उशीर का झाला. तिने सगळं सांगितलं, घड्याळाचं आणि फोनचंसुद्धा. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, ड्रॉवर उघडला आणि किल्ली पुढे सरकवली. "ह्या दुकानात मात्र फोन खिशातून काढायचा," ते म्हणाले.

तीन आठवडे फोनवर बोलणं होत राहिलं. पण बेटावरची माणसं घरी परतली की वेगळीच निघतात, असं आई ऐकवत होती. तो खरंच येईल का? का पुन्हा कोणाच्या तरी घड्याळात अडकून पडेल? बुधवारी रात्री त्याचा फोन लागलाच नाही. गुरुवारी ती नऊच्या समारंभासाठी साडेआठला दुकानापाशी पोचली, ती झाडलोट करून घ्यावी म्हणून.

बंद शटरच्या पायरीवर घड्याळजी बसला होता. डोळे जागरणाने तांबारलेले, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोल वस्तू.

"नऊला सांगितलं होतं मी," ती म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

"हल्ली मी अर्धा तास पुढे असतो," तो म्हणाला. "बोट चुकू नये म्हणून."

तिने शटर वर केलं. वर्तमानपत्रातून भिंतीवरचं घड्याळ निघालं, त्याने स्वतः जुळवलेलं. खुर्चीवर चढून त्याने ते अक्षरांच्या पाटीशेजारी टांगलं, सरळ आहे का ते पाहिलं आणि खाली उतरला. ती दारातच उभी होती. तो वळला, तिच्याकडे बघितलं आणि त्याने डावा डोळा मिटला.

सवयीने तिने मागे वळून पाहिलं. मागे घड्याळ नव्हतं. उघडं दार होतं, रिकामा रस्ता होता, आणि समारंभाला अजून अर्धा तास होता.